ऐकू येण्याची चौकशी

“टोणपे मॅडम, मी तुमचं काय घोडं मारलंय?”

मुख्याध्यापक लोखंडे सर खुर्चीत बसले नव्हते, खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांच्या हातात मी अर्ध्या तासापूर्वी व्हरांड्यातल्या फळ्यावर लावलेला कागद होता. टाचण्यांसकट उपटून आणलेला.

“सर, ती सूचना आहे,” मी म्हटलं.

“वाचता येतं मला.” त्यांनी कागद लांब धरला आणि श्रद्धांजलीच्या सभेत वाचतात तसं वाचलं. “उद्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता इयत्ता सहावीत चौकशी होईल. विषय, ऐकू येणे. बाहेरून मॅडम येणार आहेत. सर्वांनी आपापले अनुभव न घाबरता सांगावेत.” कागद खाली आला. “न घाबरता म्हणे! म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. कुणाच्या काय कानावर गेलंय, ते तरी सांगा. टीव्हीचं का?”

“कुठल्या टीव्हीचं?”

“म्हणजे टीव्हीचंच,” असं म्हणून सर मटकन खुर्चीत बसले.

चिंचखड्याच्या शाळेत गावकऱ्यांनी वर्गणी काढून बेचाळीस इंची टीव्ही आणला होता. खोलीच्या दारावर ‘डिजिटल वर्ग’ असं रंगवून घेतलं होतं. दसऱ्याला त्या टीव्हीला हळदकुंकू वाहिलं होतं, ते अजून तसंच होतं. त्यावर लोखंडे वहिनींनी विणलेलं क्रोशाचं झाकण, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांच्या पॅंटच्या आतल्या खिशात. पोरांनी हात लावला तर बिघडेल, म्हणून दीड वर्षात तो कुणी लावलाच नव्हता.

“अहवालात मी रोज लिहितो, डिजिटल वर्ग, तास एक,” सर म्हणाले. “ते खोटं नाहीये मॅडम. मी रोज एक तास त्या खोलीत बसतो. एकटा. पंखा चांगला आहे तिथला.”

मला हसू आवरेना. मी घाईघाईनं सांगून टाकलं की चौकशी म्हणजे तसली चौकशी नाही. तो माझा पाठ आहे. तपासायला येणाऱ्या मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या कर्णिक मॅडम. सरांचा विश्वास बसायला पाच मिनिटं लागली, आणि बसल्यावर ते जे भडकले ते घाबरले होते त्याच्या दुप्पट.

“मग पाठ म्हणा की सरळ! चौकशी काय चौकशी? माणूस मरेल एखादा!”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि शेवटचे तीन महिने आम्हाला एकेका शाळेत शिकवायला सोडलं होतं. त्या वर्षी कॉलेजात एक नवीन खूळ आलं होतं: मुलांना उत्तर सांगायचं नाही, मुलांनीच प्रश्न विचारायचे, मुलांनीच उत्तर हुडकायचं. वर तंत्रज्ञानही वापरायचं. कर्णिक मॅडमनी त्यावर चौदा पानांचं टिपण काढलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं ‘चौकशीकेंद्रित अध्ययन’. वर्गात एकीनं विचारलंही होतं, “मॅडम, शोध म्हटलं तर?” त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, “शोध शास्त्रज्ञ लावतात. मुलं चौकशी करतात. टाचणात चौकशी हाच शब्द आला पाहिजे.” टाचण म्हणजे पाठाची लेखी तयारी. त्यात डावीकडे शिक्षकानं काय विचारायचं ते लिहायचं आणि उजवीकडे ‘अपेक्षित उत्तर’. म्हणजे पोरांनी मोकळेपणानं चौकशी करायची, पण ती करून काय सापडणार ते मी आदल्या रात्रीच लाल शाईनं लिहून ठेवायचं. यात काही विनोद आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. चौदाव्या पानावर तर स्पष्टच होतं: ‘चौकशीपूर्वी मुलांच्या मनात कुतूहल निर्माण करावे.’ म्हणून तर ती सूचना लावली होती.

आणि हा पाठ मला पास करायचाच होता. आधीचा माझा भूगोलाचा पाठ मॅडमनी नापास केला होता, कारण मी बोलता बोलता पृथ्वीचा गोल खिडकीबाहेर पाडला होता. दुसरा पाठ गेला की वर्ष गेलं, असा नियम होता. घरी आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं की आमची शुभांगी मास्तरीण झाली. झाली! अजून व्हायची होते, पण आईला क्रियापदांचे काळ कधी पाळता आले नाहीत.

“टीव्ही देता ना सर उद्या?” मी विचारलं.

सरांनी खिशातल्या किल्लीवर हात ठेवला. चौकशी टळली या आनंदात होते, म्हणून ‘हो’ म्हणाले. “पण रिमोट पिशवीतूनच दाबायचा,” एवढं बजावलं.

मी बाहेर आले तर शाळा सुटत होती. सहावीची पोरं मात्र घरी गेली नव्हती. पाण्याच्या टाकीच्या मागे एकतीसच्या एकतीस गोल करून उभी होती आणि मधोमध शाहीन मुलाणी हातवारे करत काहीतरी समजावत होती. ही शाहीन पहिल्या बाकावर बसायची. अंगानं एवढीशी, पण मोठी माणसं तिच्याशी बोलताना जरा सांभाळून बोलायची. मला बघितल्यावर सगळे एकदम गप्प झाले.

“कशाबद्दल चाललंय?” मी विचारलं.

“उद्याच्या चौकशीचं, बाई,” शाहीन म्हणाली. “तुम्ही काळजी करू नका. आम्ही बघतो.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी तिथंच वही काढून लिहिलं, ‘मुलांमध्ये कुतूहल निर्माण झाले. स्वयंस्फूर्त गटचर्चा.’ खाली तारीखसुद्धा घातली. त्या वेळी त्यांना दोन वाक्यं बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझं लक्ष वहीत होतं.

दप्तर घ्यायला वर्गात गेले तर येवले गुरुजी टेबलाशी बसले होते. सहावीचे वर्गशिक्षक तेच. पांढरा सदरा, पांढरी पॅंट, बोटांना खडू. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तीन आठवडे मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण करत होते आणि माझ्यावर त्यांची फार छाप पडली होती. गुरुजी प्रश्न विचारायचे, पोर उठून उत्तर द्यायचं, मग पोरं आपसांत कुजबुजायची, “बरोबर हाय,” “न्हाई, चुकलं, उलटं हाय ते,” अशी चांगली खडाजंगी व्हायची. गुरुजी शांत उभे. मग थोड्या वेळानं म्हणायचे, “शाब्बास!” नाहीतर म्हणायचे, “बस खाली, गाढवा.” कधी चुकले नाहीत. मी वहीत लिहिलं होतं, ‘उत्तरानंतर गुरुजी विचारपूर्वक थांबतात. प्रतीक्षाकाल उत्तम.’

“टोणपे, हे जरा वाच गं,” गुरुजी म्हणाले. “शुद्धलेखन बघ. वर पाठवायचंय.”

कागदावर सुंदर वळणदार अक्षरात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. कारण, ‘प्रकृतीच्या तक्रारीमुळे’.

“गुरुजी! आठ महिन्यांसाठी?” मी ओरडलेच.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. तीन आठवड्यांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस आहे, बाईमाणसाच्या डोळ्यांत बघत नाही.

“उद्या काढण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं,” ते म्हणाले. “तुझी सूचना वाचली मी. ऐकू येणे. कुणी कळवलं गं? लोखंडेला तर काही माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“सावकाश बोल. ओठ हलवून.” त्यांनी उजव्या कानावर बोट ठेवलं, मग डाव्या. “हा साफ गेला. यातनं नुसतं भणभणतं. तीन वर्षं झाली.”

मी टेबलाच्या कडेवरच बसले. “पण तुम्ही उत्तरं बरोबर का चूक सांगता ते?”

“शाहीन अंगठा वर करते. चुकलं असेल तर नाक खाजवते.” गुरुजींना जरा लाजल्यासारखं झालं. “तिच्या आधी हर्षद सुताराचा थोरला भाऊ करायचा. पोरांनी आपसांत ठरवलेलं आहे, मी कधी सांगितलं नाही. आधी ती भांडून नक्की करतात की उत्तर बरोबर का चूक. मग अंगठा येतो. मला काय, मी अंगठा बघतो आणि शाब्बास म्हणतो.”

म्हणजे मी ज्याला प्रतीक्षाकाल म्हणत होते, तेव्हा गुरुजी अंगठ्याची वाट बघत होते. आणि तिकडे कर्णिक मॅडम चौदा पानं लिहीत होत्या की मुलांनी उत्तरं आपली आपण कशी ठरवावीत.

“मशीन लावायचं ना कानाला!”

“लावलं की दिसतं. दिसलं की विचारतात. विचारलं की डॉक्टरांच्या मंडळापुढं उभं करतात. चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, कान देऊन ऐका, आणि आता मीच…” त्यांनी बोटांवरचा खडू झटकला. “कुणी बहिरा मास्तर म्हटलेलं मला नाही सहन होणार, पोरी.”

मला इतकी शरम वाटली! मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘चौकशी म्हणजे माझा पाठ. विज्ञान. ध्वनी. तुमचा काही संबंध नाही.’

गुरुजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग असे हसले की त्यांना ठसका लागला.

“हात्तिच्या! मग शोध म्हण की! मी आज दुपारचा डबासुद्धा खाल्ला नाही.”

त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले आणि खिशात घातले. कचऱ्याच्या पेटीत टाकले तर पोरं जोडून वाचतील, असं म्हणाले. जाताना दारात वळले. “टोणपे, कुणाला सांगू नकोस हं. आठच महिने.”

मी तोंडावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकराला कर्णिक मॅडम आल्या. आडनावच कर्णिक, कर्ण म्हणजे कान, पण त्या दिवशी मला त्याचं हसू आलं नाही. कडक इस्त्रीची साडी, छातीशी फाईल. लोखंडे सरांनी चहा दिला, नारळ दिला आणि न विचारता तीनदा सांगितलं की टीव्ही रोज एक तास वापरात असतो. डिजिटल वर्गात मागच्या भिंतीशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर मॅडम, शेजारी गुरुजी. सरांनी झाकण काढलं, हळदकुंकू पुसलं आणि पिशवीतून रिमोट दाबला. टीव्ही लागला! सर स्वतःच दचकले. मग कुणाची दृष्ट लागायच्या आत किल्ली सावरत बाहेर गेले.

माझी तयारी जोरात होती. मोबाईलमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं होतं. फोन केबलनं टीव्हीला जोडला की पडद्यावर एक मोठं चक्र दिसायचं आणि वर्गात जेवढा आवाज होईल तेवढा त्यातला काटा फिरायचा. कुजबुज केली तर तीस, बोललं तर साठ. पोरं माना वर करून बघत होती. सगळ्यांची डोकी तेल लावून चापून बसवलेली, सगळ्यांचे चेहरे सत्यनारायणाला बसल्यासारखे. मला वाटलं, आज आपण पास.

“मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्हाला कोणकोणते आवाज ऐकू येतात?” मी पहिला प्रश्न टाकला. अपेक्षित उत्तर होतं: कोंबड्याचा, भांड्यांचा, गाडीचा.

शाहीन उठली. तिनं कानामागे हात धरला.

“आँ?” ती म्हणाली.

“सकाळी. आवाज. कोणते ऐकू येतात?”

“आँ?”

“बरं, बस. हर्षद, तू सांग.”

हर्षद सुतार उठला, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. “आँ?”

मागून फाईलचा आवाज आला. आवाज चढवून मी सगळ्यांनाच विचारलं, “कोण सांगेल? कुणीही सांगा!”

“आँऽऽऽ?” सगळा वर्ग म्हणाला.

काटा सपकन नव्वदवर गेला आणि थरथरत राहिला.

मेले, मी मनात म्हटलं. तरी टाचणाची पुढची पायरी होती, ती मी घेतली, कारण माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो. “आवाज कशातून प्रवास करतो?” “आँऽऽऽ?” नव्वद. “ढोल वाजवला तर काय हलतं?” “आँऽऽऽ?” ब्याण्णव. प्रत्येक वेळी एकतीस तोंडं उघडत होती आणि मिटत होती. मनातल्या मनात मी एकेकाला एकेक शिवी दिली. एकतीस शिव्या मला येतात हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी माझा तोल गेला.

“ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा!”

एकतीस हात वर झाले.

“टोणपे,” मॅडम मागून म्हणाल्या, “ऐकू येत नाही, तर हात कसे वर झाले?”

काटा खाली सत्तावीसवर. शाहीनच्या ध्यानात आलं असावं की बाजू पडते आहे. ती उठली, मॅडमकडे वळली, हाताची घडी घातली आणि साक्ष दिल्यासारखं खणखणीत बोलली. “बाई, आमच्या गावात सगळ्यांनाच कमी ऐकू येतंय. पाण्यामुळं. कुणाचाच दोष न्हाई. पोरांस्नी पण येत न्हाई, मोठ्या माणसांस्नी पण येत न्हाई. मग कुणा एकाचं नाव लिहून काय उपयोग?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सरांना समजावलं होतं. गुरुजींना फळ्यावर लिहून दाखवलं होतं. या पोरांना सांगायचंच राहिलं होतं! त्यांच्या लेखी मॅडम गुरुजींना काढायला आल्या होत्या, आणि टाकीमागे त्यांनी ठरवलं होतं की सगळ्यांनीच बहिरं व्हायचं. एकतीस बहिऱ्यांत एक बहिरा कोण हुडकणार?

मी टाचण मिटून टाकलं. रागानं की कशानं, मला आजही सांगता येणार नाही. मी गुरुजींकडे बघितलं. ते खुर्चीच्या टोकावर बसून टीव्हीकडे बघत होते. मॅडमचं, शाहीनचं, कुणाचं त्यांना काहीच पोचलं नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढला आणि शेजारी वळून विचारलं, “येवले गुरुजी, हा वर्ग नेहमी असाच असतो का?”

गुरुजींना कळलं की त्यांना काहीतरी विचारलंय. त्यांनी मॅडमच्या ओठांकडे बघेपर्यंत ओठ मिटले होते. त्यांची नजर पुढच्या बाकाकडे गेली. तिथे शाहीन माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि जीव तोडून नाक खाजवत होती.

“छे छे!” गुरुजी ठासून म्हणाले. “साफ चूक!”

“नेहमी चांगला असतो?”

अंगठा.

“अगदी बरोबर!”

मॅडमनी मान हलवली आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मग मला जवळ बोलावलं. पोरं बघत होती. मॅडम हळू बोलत होत्या, पण माझी केबल अजून जोडलेलीच होती आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाला टीव्हीवरचा काटा हलत होता.

“गुरुजींचा वर्ग गुरुजींपुढे बोलतो आणि तुमच्यापुढे असा तमाशा करतो. हा तुमचा दुसरा पाठ आहे, टोणपे. नापास लिहायला मला काही आनंद नाही. याला काही कारण असेल तर आत्ता सांगा, मी लिहून घेते.”

कारण माझ्या जिभेवर होतं. एकच वाक्य. ते बोलले असते तर मी पास होते आणि आई खोटी पडत नव्हती. मी पोरांकडे बघितलं. शाहीनचं नाक खाजवून खाजवून लालभडक झालं होतं. मी काही थोर बाई नाही. मी दोनदा तोंड उघडलं, ते तेच सांगायला. दोन्ही वेळा ‘बहिरा मास्तर’ या शब्दांपाशी येऊन अडखळले.

“माझा आवाज पोचत नाही, मॅडम,” मी म्हटलं.

“हं,” असं म्हणून त्यांनी तेच लिहिलं.

वर्ष गेलं. आईनं आळीला काय सांगितलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही, पण दोन महिने ती मागच्या दारानं बाजारात जायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत मी ‘पाण्याचे उपयोग’ यावर असा रटाळ पाठ घेतला की मॅडमनी पंचाऐंशी टक्के दिले. आज माझ्या नोकरीला आठ वर्षं झाली. गुरुजी ठरल्या महिन्याला निवृत्त झाले, गावानं फेटा बांधला, आणि भाषणं चालू असताना ते शाहीनकडे बघून बरोबर ठिकाणी हसत होते असं मी ऐकलं. पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारचंच.

मॅडम गेल्यावर पोरं खिचडीच्या रांगेत गेली. जाताना शाहीन माझ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, “वाचले का आपले गुरुजी?” मी ‘हो’ म्हटलं. “तुमचा पाठ कधी हाय मग? त्या दिवशी आम्ही चांगली उत्तरं देऊ,” असं म्हणून ती पळाली. मी केबल काढायला वर्गात गेले. मला कुठेतरी कोपऱ्यात बसून रडायचं होतं. पण गुरुजी अजून तिथेच होते, टीव्हीच्या पुढ्यात उभे. त्यांनी टेबलावर बोटानं टकटक केलं, काटा हलला. पुन्हा टकटक केलं, पुन्हा हलला. मला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले.

“पोरी! अगं काय पाठ घेतलास!”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचे डोळे भरले होते.

“तीन वर्षांत मी वर्गाचा आवाज ऐकला नाही,” ते म्हणाले. “एक उठतो, तोंड हलवतो, बसतो. सगळा वर्ग एकदम बोलला म्हणजे कसं वाटतं ते विसरलोच होतो. आज बघितलं! तू विचारायचीस आणि सगळीच्या सगळी तोंडं उघडायची. एक पोर गप्प नाही गं! ती मागची कांबळेची पोरगी, वर्षभर तोंड उघडत नाही, ती पण! आणि तो काटा… ब्याण्णव! चौतीस वर्षं शिकवलं मी. माझ्या एका प्रश्नाला कधी सगळ्या वर्गानं उत्तर दिलं नाही.”

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

“मॅडम खूश झाल्या ना?”

मी मान हलवली. उभी की आडवी, ते मलाच कळलं नाही. त्यांनी ती होकाराची धरली.

“होणारच. पण एक सांग. शेवटी तू असं काय विचारलंस, की सगळ्यांनी हातसुद्धा वर केले? इतकं सगळ्यांना येणारं काय होतं?”

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, उजेड ओठांवर यावा म्हणून. आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “मी विचारलं, गुरुजी कुणाकुणाला आवडतात?”

गुरुजी बघत राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली.

“वेडी आहेस का? मॅडमसमोर असलं काय विचारतेस! अभ्यासातलं विचारायचं गं. मार्क कापतील अशानं.”